फ्रिजवरचे सत्तावन्न चौकोन

इंदूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय एक्केचाळीस, पीथमपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सची नोकरी, हातात येणारा पगार ८२ हजार. पत्नी खासगी शाळेत गणित शिकवते, तिचे २८ हजार. हे गृहस्थ रविवारी एका व्यापाऱ्याचं जीएसटीचं काम करतात, त्याचे ९ हजार. घरात एकाहत्तर वर्षांची आई आणि चौथीतली मुलगी. २०१९ च्या अखेरीस फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज काढलं, त्यातले २४ लाख बाकी आहेत. दर ८ टक्के, हप्ता २६ हजार, सरळ चालीनं अजून बारा वर्षं. गेल्या दिवाळीपासून ते हप्त्याखेरीज महिन्याला २५ हजार जादा भरतात. दिवाळीचा लाखभर बोनसही तिकडेच गेला. बचत खात्यात चाळीस हजार. फ्रिजवर चौकोन आखलेला कागद लावलाय. महिना भरला की मुलगी एक चौकोन रंगवते. सहा रंगलेत, सत्तावन्न उरलेत.

यापायी काय काय थांबलं, तर रविवारचे पोहे-जलेबी, पावसाळ्यातली मांडूची फेरी, मुलीचा पोहण्याचा क्लास आणि सासू-सुनेचं 'सानंद' या इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचं सभासदत्व. या शेवटच्यावरून घरात अबोला झाला. साडूंचं म्हणणं वेगळंच: कर्ज फेडता कशाला, टॅक्स वाचतो, एसआयपी करा. वाचक विचारतात, "पावणेपाच वर्षांचा तर प्रश्न आहे. मग सगळं मोकळं. आनंद काही पैशांवर अवलंबून नसतो. हे बायकोला कसं समजावू?" आणि ता. क. म्हणून दोन ओळी: वडील मिलमध्ये होते. मी पहिलीत असताना मिल बंद पडली, आईच्या पाटल्या सराफ्यात गहाण पडल्या, त्या सुटल्याच नाहीत.

नमस्कार,

तुमचं पत्र आधी सरळ वाचलं, मग ता. क. पासून उलटं वाचलं, तेव्हा जास्त कळलं. वरच्या दोन पानांत आकडे आहेत, बायकोची तक्रार आहे, साडूंवरचा राग आहे. पाटल्या मात्र शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून लिहिल्यासारख्या. माझ्या मते पत्र तिथूनच सुरू होतं.

इंदुरात तुमच्या वयाच्या पुष्कळ घरांत अशी एखादी पाटली, एखादी मोहनमाळ असते. म्हणजे नसते, तिची गोष्ट असते. नव्वदीच्या आसपास इथल्या कापडगिरण्या एकेक करून थंडावल्या. हुकुमचंद मिल त्याच दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधे तीस वर्षं गेली. मालवा मिल हे आता चौकाचं नाव आहे, रिक्षावाल्याला सांगायचं. अनंत चतुर्दशीला मिलांच्या नावाच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात, भोंगे मात्र कधीच बंद झाले. तेव्हा कर्ज म्हटलं की तुमच्या पोटात जो गोळा येतो, त्याला मी हसणार नाही.

मी बँकेत होते, त्यातली चौदा वर्षं कर्जखात्यांवर. जादा पैसे भरायला येणारा खातेदार मला नेहमी आवडला. तुमचा निर्णय मुळात बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की ही बाई बायकोची वकील दिसते. कर्ज लवकर फेडा. वाद आहे तो किती लवकर, एवढाच.

तुम्ही अकाउंट्सचे, म्हणून आकड्यांनीच बोलू. नुसता हप्ता भरत राहिलात तर १४४ महिने लागतील आणि व्याज जाईल साधारण १३ लाख ३९ हजार. तुमच्या पद्धतीनं महिना ५१ हजार भरलेत तर ५७ महिने, आणि व्याज ४ लाख ९० हजार. साडेआठ लाख वाचले. हे दोन आकडे तुम्ही मांडलेत आणि वही मिटलीत. मधलं गणित केलंच नाहीत. समजा जादा २५ ऐवजी १४ हजार भरले, म्हणजे महिन्याचे एकूण ४० हजार. मग ७७ महिने लागतात आणि व्याज होतं ६ लाख ७५ हजार.

आता फरक काढा. पहिल्या १४ हजारांनी ६७ महिने कापले आणि ६ लाख ६४ हजार वाचवले. वरच्या ११ हजारांनी २० महिने कापले, आणि वाचवले १ लाख ८५ हजार. जादा भरलेला रुपया कर्ज नेहमी शेपटाकडून कापत येतो. शेपटाकडच्या मुद्दलावर तुम्ही बारा वर्षं व्याज मोजणार असता, म्हणून तिथे कात्री लावली की मोठा तुकडा पडतो. जसजसं अलीकडे याल तसतसा तुकडा लहान होत जातो, कापायला जोर मात्र तेवढाच लागतो. तुमच्या घरात जो काही ताण आहे, तो या वरच्या ११ हजारांचा आहे. १४ हजारांपर्यंत कुणाची तक्रार नव्हती, असं मला पत्रावरून वाटतं.

एक गोष्ट लपवत नाही. ते ११ हजार घरात ठेवलेत तर ते खर्च होणार. सत्तावन्न महिन्यांत ६ लाख २७ हजार होतात. ही काही चिल्लर नव्हे. पण "मग सगळं मोकळं" असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे याच गोष्टींवर तुम्ही पुढे खर्च करणारच आहात. तेव्हा 'मग'च्या ऐवजी 'आत्ता' खर्च करण्याची किंमत काय, तर १ लाख ८५ हजार. ती जास्त वाटते की रास्त, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. मी एवढंच सांगेन की मुलगी आज नऊ वर्षांची आहे आणि सत्तावन्नावा चौकोन रंगवताना चौदाची होईल. तेव्हा ती रंगवेल का, इथून प्रश्न आहे.

आता पाटल्यांकडे येऊ.

तुमच्या आईला पाटल्या का काढून द्याव्या लागल्या? पगार थांबला त्या दिवशी घरात रोकड नव्हती म्हणून. देणं किती होतं हा पुढचा भाग. आधी किराणा होता, भाडं होतं, तुमच्या शाळेची फी होती. आज तुमच्या खात्यात चाळीस हजार आहेत. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला चौऱ्याण्णव हजार लागतात. उद्या तुमची नोकरी अडली तर पत्नीचा पगार धरूनही महिन्याला पासष्ट-सहासष्ट हजारांची खोट पडेल. चाळीस हजार तीन आठवडेही पुरायचे नाहीत. आणि बँकेत जाऊन तुम्ही म्हणालात की साहेब, मी सहा महिन्यांत अडीच लाख जादा भरलेत, तर पुढच्या चार महिन्यांचे हप्ते त्यातून वळते करा, तर साहेब नम्रपणे नाही म्हणतील. जादा भरणा मुद्दलातून वजा झालेला असतो. पुढच्या महिन्याचा हप्ता त्यानं टळत नाही. ते पैसे परत हवे असतील तर टॉप-अप, म्हणजे आहे त्या कर्जावर वाढीव कर्जाचा अर्ज भरावा लागतो, आणि त्या अर्जाला चालू पगाराची स्लिप जोडावी लागते. टेबलाच्या पलीकडे बसून असे अर्ज मी परत केलेत. अजून डोळ्यांसमोर येतात.

म्हणजे कर्जाच्या भीतीनं धावताना तुम्ही नेमकं तेच घर पुन्हा उभं करताय, ज्यात पगार थांबला की पाटल्यांकडे नजर जाते. तुमच्या भीतीचं औषध हातातली रोकड आहे. ते आधी घ्या. पुढचे आठ महिने जादा काही भरूच नका. ते १४ हजार वेगळ्या बचत खात्यात नाहीतर एफडीत टाका. या दिवाळीचा बोनसही तिथेच. आजचे चाळीस हजार धरून अडीच लाख होतील, साधारण चार महिन्यांची खोट भरून निघेल इतके. मग महिना ४० हजारांनी सुरू करा. या सगळ्यानं कर्ज ७७ ऐवजी ८२ महिन्यांत फिटेल. पाच महिने वाढले, पण त्या पाच महिन्यांत पाटल्यांचा बंदोबस्त आला. तुमच्या नावावर किमान कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर फ्रिजवरचा कागद राहू द्या, आधी ते करा.

काही बँकांकडे ओव्हरड्राफ्टच्या धर्तीचं गृहकर्ज असतं. जादा पैसे कर्जाला जोडलेल्या खात्यात ठेवायचे, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर काढता येतात. दर किंचित चढा असू शकतो. तुमच्यासारख्या माणसाला, ज्याला कर्ज कमी झालेलंही पाहायचंय आणि रात्री झोपही हवीय, ही सोय बरी. चौकशी करून ठेवा.

आता बायकोला कसं समजावू, याबद्दल. तुमच्या जादा भरण्याचा आकडा २५ हजार आणि त्यांचा पगार २८ हजार. दोन्ही आकडे तुमच्याच पत्रात आहेत, एकमेकांपासून तीन ओळींवर. त्या शाळेत दिवसभर उभं राहून जे कमावतात ते जवळजवळ जसंच्या तसं तुमच्या चौकोनांत जातं. त्यांना विचारलं होतं का? "घरी सांगितलं" असं तुम्ही लिहिता. सांगणं आणि विचारणं यांत फरक आहे, आणि गणित शिकवणाऱ्या बाईला तो चांगला कळतो. त्यांना कर्ज समजत नाही असं धरून तुम्ही चाललाय. मला वाटतं त्यांना ते नीट समजलंय, त्यांचा हिशेब फक्त वेगळा आलाय.

आनंद पैशांवर अवलंबून नसतो हे वाक्य खरं आहे, पण किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्यानं ते म्हणू नये.

'सानंद'चंही तसंच. मराठी नाटक महाराष्ट्रातल्या माणसाला कधीही बघायला मिळतं. आपल्याकडे ते येतं तेव्हा बघायचं असतं. सासू-सुना मिळून घराबाहेर पडतात, येताना रिक्षात नाटकावर बोलतात, हे किती घरांत घडतं? तुम्ही तो खर्च 'करमणूक' या रकान्यात टाकलात. मी तो आईच्या औषधांच्या शेजारी लिहिला असता. "आई काही म्हणाली नाही," असं तुम्ही लिहिलंय. पाटल्यांच्या वेळीही त्या काही म्हणाल्या नसतील.

माझं सांगते. सुदामानगरच्या घराचं कर्ज आम्ही पंधरा वर्षांचं नऊ वर्षांत फेडलं. मी बँकेतली, त्यामुळे घरात माझीच दहशत. कागद हातात आले त्या रात्री आम्ही सराफ्यात गेलो. दिवसा जिथे सोन्याची दुकानं असतात, तिथेच रात्री शटर पडल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, हे तुम्हाला काय सांगायचं. आमच्या ह्यांनी भुट्ट्याच्या किसाची एक प्लेट मागवली आणि वर म्हणाले, "भिया, दो चम्मच." खाऊन झाल्यावर आमच्या लक्षात आलं की आज दुसरी प्लेट घेता आली असती. हसलो खूप. पण त्यानंतरही कित्येक वर्षं एक प्लेट आणि दोन चमचेच चाललं. मुलगा आता बंगळुरात आहे, उत्तम कमावतो, तरी हॉटेलात बसला की मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचतो आणि मग डावी. कर्ज फिटलं, सवय फिटली नाही. तुम्ही म्हणता, नंतर सगळं मोकळं. अठ्ठावन्नाव्या महिन्याच्या एक तारखेला मन मोकळं कसं होतं, ते मला तरी जमलं नाही. तुमची मुलगी नेमकी काय शिकतेय, ते त्या कागदाकडे बघून एकदा तपासा. "तिलाही बचतीची सवय लागतेय," असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. लागतेय खरी.

मग ते ११ हजार कशाला वापरायचे? इथे मी एक गोष्ट सुचवते जी तुमच्या पत्नीनंही मागितलेली नाही. सगळ्यात आधी तुमचे रविवार विकत घ्या. व्यापाऱ्याकडच्या चार रविवारांचे ९ हजार मिळतात. चारही सोडा म्हणत नाही, दोन सोडा. साडेचार हजार गेले, उरले साडेसहा. त्यात मुलीचं पोहणं बसतं. 'सानंद'ची वर्गणी महिन्याला थोडी थोडी बाजूला काढता येते. मांडू काही लांब नाही, शंभरेक किलोमीटर. सकाळी निघून रात्री घरी येता येतं, डबा घरचा नेता येतो. आणि दोघांच्या हातात हजार-हजार रुपये असे ठेवा, ज्यांचा हिशेब एकानं दुसऱ्याला विचारायचा नाही. तुम्हाला हे सगळ्यात अवघड जाईल, मला माहीत आहे.

पोह्यांचं काय, ते तर हिशेबात धरण्याइतकंही नाही. चार माणसांचे अडीचशे रुपये. गरम पोह्यांवर शेव, बारीक कांदा, वर जीरावण मसाल्याची चिमूट, कागदाच्या प्लेटला खालून लागलेला हात भाजतोय म्हणून या हातातून त्या हातात. हे घरीही करता येतं असं तुम्ही लिहिलंय. पोहे करता येतात. उभं राहून खाता येत नाहीत.

आता थोडं बँकेचं. हे तुमच्यासारख्या इतरांनीही वाचावं.

जादा पैसे भरताना बँक विचारते, हप्ता कमी करायचा की मुदत? पुष्कळदा विचारतही नाही, कर्मचारी फॉर्मवर खूण करून मोकळा होतो. मुदत कमी करा, हे लेखी द्या आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या. हप्ता कमी झाला तर महिन्याला चार पैसे सुटल्यासारखं वाटतं, पण ते घरखर्चात कधी मिसळले ते कळत नाही आणि कर्जाची मुदत आहे तिथेच राहते. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी भरलं म्हणून व्यक्तीला दंड लागत नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ही मनाई २०१२ मध्येच केली. तरीही कुणी काउंटरवर दोन टक्के वगैरे बोललं तर नियम दाखवा म्हणावं.

दुसरं, दर. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो रेपो दर २०२५ च्या सुरुवातीला साडेसहा टक्के होता, डिसेंबरपर्यंत तो सव्वापाचवर आला. तुमचं कर्ज २०१९ च्या अखेरचं आहे. ऑक्टोबर २०१९ पासूनची नवी फ्लोटिंग घरकर्जं बँकांना बाहेरच्या दराशी जोडावी लागली, आणि तो बहुतेक ठिकाणी रेपो असतो. तुमचं त्याआधी मंजूर झालेलं, एमसीएलआरचं, म्हणजे बँकेनं स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दराचं असेल तर दराची कपात सावकाश पोचते. थोडी फी भरून रेपोवर जाता येतं. रेपोचंच असेल तर वरची भर किती लावलीय ते बघा आणि आज नव्या ग्राहकाला काय दर देता ते विचारा. जुन्या ग्राहकाला कुणी आपणहून फोन करत नाही. समजा अर्ध्या टक्क्याची सूट मिळाली, तर महिना ४० हजारांच्या हिशेबात साधारण ५८ हजार रुपये वाचतात. एका अर्जात साडेचार वर्षांचे पोहे. व्यापाऱ्याकडे बसून सहा महिन्यांत जे मिळतं तेवढे.

२०२२-२३ मध्ये हाच रेपो चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला तेव्हा पुष्कळांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. काहींची तर निवृत्तीच्या पलीकडे. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेनं ग्राहकाला दिला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय. तुमचा ताजा तक्ता काढून शेवटच्या हप्त्याची तारीख डोळ्यांनी बघा. बारा वर्षं हा आकडा तुम्ही कुठून घेतलात ते लिहिलेलं नाही.

साडूंना उत्तर. राहत्या घराच्या व्याजावरची सूट, वर्षाला दोन लाखांपर्यंत, जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत ती मिळत नाही, पण तिथे पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर सध्या करच लागत नाही. तुमचा पगार बघता बहुधा तुम्ही तिथेच आसपास आहात. आणि जुन्या पद्धतीतही, वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलात तर टॅक्ससाठी व्याज भरणं म्हणजे रुपया देऊन वीस पैसे परत घेणं. एसआयपी चांगलीच गोष्ट आहे, पण कर्ज फेडून वाचणारे आठ टक्के ठरलेले आहेत, बाजाराचे ठरलेले नसतात. ज्याला पाटल्या आठवतात त्याला बाजार पडलेल्या महिन्यात झोप लागायची नाही. गंगाजळी भरल्यावर, पगार वाढला की थोडी सुरू करा, आणि ते साडूंना सांगू नका.

इतर वाचकांची परिस्थिती वेगळी असू शकते. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर घरकर्जाला जादा एक रुपया भरू नका. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, घरकर्ज त्यापुढे देवमाणूस. ज्यांचे दोन-अडीच वर्षांचे हप्ते उरलेत, त्यांनी घाईनं एफडी मोडू नये. व्याज बरंचसं भरून झालेलं असतं. उलट निवृत्ती पाच वर्षांवर आली आहे आणि कर्ज दहा वर्षांचं बाकी आहे, अशांनी तुमच्यासारखी कंबर कसावी. त्यांना मी मांडूला जा म्हणणार नाही.

कर्ज फिटेल तेव्हाचं आत्ताच लिहून ठेवते. मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यायची, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांची यादी सँक्शन लेटरबरोबर आहे का बघा. नसेल तर आजच बँकेकडून मागून घ्या, सात वर्षांनी ती कुणालाच सापडणार नाही.

पत्नीला समजावायचं राहिलं. समजावू नका. एका संध्याकाळी एक्सेलची शीट उघडून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवा आणि जादा रकमेचा रकाना रिकामा ठेवा. त्यांना १४ घालून बघू दे, १२ घालून बघू दे, १८ घालून बघू दे. त्या कदाचित माझ्यापेक्षा जास्त आकडा घालतील. बायका घालतात, चौदा वर्षं टेबलावर बसून पाहिलंय. आईंनाही तिथेच बसवा.

मग फ्रिजवरचा कागद काढा. नव्यावर सहा रंगलेले चौकोन आधी काढून घ्या, मुलीचे कष्ट आहेत. पुढचे आठ वेगळ्या रंगाचे, आजीच्या पाटल्यांचे म्हणून. सगळे मिळून अठ्ठ्याऐंशी होतील. ए-फोरवर मावणार नाहीत, ड्रॉइंग शीट लागेल.